वादवही

विमानांचं वेड दोन प्रकारचं असतं. पहिल्या प्रकारातला माणूस विमान चालवायला शिकतो, गणवेश घालतो, पगार घेतो आणि काही वर्षांनी त्याला विमानाचा कंटाळा येतो. दुसऱ्या प्रकारातला माणूस बँकेत चिकटतो, लोकलला लटकतो आणि आकाशात घरघर ऐकू आली की हातातला घास ताटात टाकून गॅलरीत धावतो. त्याला या धावण्याचा पगार मिळत नाही, त्यामुळे त्याचं वेड मरेपर्यंत टिकतं. माझा मित्र आणि मी, दोघंही दुसऱ्या प्रकारातले. त्याचं मरेपर्यंत टिकलं. माझं चालू आहे.

आम्ही पार्ल्याचे, हेही एक कारण असेल. सांताक्रूझहून उडालेली विमानं डोक्यावरून जातात, त्यामुळे पार्लेकर वाक्याच्या मध्येच थांबतो आणि विमान गेलं की नेमका त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. "मुलाचा पगार सगळं धरून…" इथवर बोलणी आली आणि जेट आलं, असं होऊन पार्ल्यात कित्येक लग्नं आकडा न ऐकताच ठरली असावीत. बाकीचे लोक या खंडात चहाचा घोट घेतात. आम्ही दोघं वर बघायचो आणि एकदमच बोलायचो. मी म्हणायचो, "बोइंग." तो म्हणायचा, "चूक."

मी त्याला डकोटा म्हणायचो. दुसऱ्या महायुद्धात ही विमानं हजारोंनी बनली आणि युद्ध संपल्यावर स्वस्तात विकली गेली. आपल्याकडच्या बहुतेक हवाई कंपन्यांनी त्यांच्यावरच दिवस काढले. दिसायला साधी, वेगाला बेताची, पण चिखलात उतरणारी आणि बंद न पडणारी. माझा मित्रही तसाच. चौकड्यांचा तोच शर्ट, तीच चामडी बॅग, ८.१७ची तीच लोकल आणि वाद सुरू झाला की पहिल्या झटक्याला पेटणारं इंजिन. त्याला हे नाव मनापासून आवडलं होतं. फक्त त्यानं माझ्यासाठीही एक नाव शोधलं होतं. कॉमेट. म्हणजे काय, तर दिसायला देखणं, उडायला सगळ्यांच्या आधी आणि धातू थकल्यामुळे हवेतच फुटणारं.

वाद फार झाले आणि कोण जिंकलं ते आठवेनासं झालं, तेव्हा त्यानं वादवही काढली. बँकेतल्या माणसाची वही. लाल पुठ्ठ्याची, लांबट, रकाने आखलेली: तारीख, विषय, त्याचं म्हणणं, माझं म्हणणं, निकाल, देणे. देणे नेहमी एकच असायचं, स्टेशनजवळच्या हॉटेलातला बटाटावडा. पुराव्याचे नियम उच्च न्यायालयापेक्षा कडक. छापील पाहिजे आणि कुठे छापलंय ते दाखवलं पाहिजे. "कुणीतरी सांगितलं" चालणार नाही. त्याचा एक मावसभाऊ विमानतळावर सामान चढवायच्या खात्यात होता, त्याची साक्ष मी पहिल्याच वर्षी बाद करून घेतली. त्यावर त्यानं माझ्या साडूचं वाचन बाद करून घेतलं.

एकेक निकाल लागायला महिने लागत. एशियाटिकच्या पायऱ्या चढायच्या, रद्दीवाल्याकडे जुने अंक चाळायचे, फोर्टच्या फुटपाथवर घासाघीस करायची. तेवढ्या काळात मूळ वादातून तीन नवे वाद फुटत. आमची मैत्री मुद्दलावर चालली नाही, ती या व्याजावर चालली.

आमच्या स्वभावांत एक मूलभूत फरक होता. मी तारखांचा माणूस. कोण पहिला, केव्हा पहिला, किती वाजता पहिला. त्याला पहिल्यांत रस नव्हता. त्याचा जीव दुसऱ्यांवर. आगाखानांनी १९३० सालासाठी बक्षीस लावलं होतं, इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. मनमोहन सिंग आले, पण महिन्याची मुदत उलटल्यावर. अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा पोरगा इंग्लंडहून निघाला आणि जेआरडी टाटा कराचीहून उलट्या दिशेनं. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीकडे स्पार्क प्लग नव्हते, जेआरडींनी आपल्याकडचे दिले, आणि शर्यत अस्पीनं जिंकली. हाच अस्पी पुढे आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

या गोष्टीचं तात्पर्य मी असं काढलं होतं की जेआरडी मोठ्या मनाचे. डकोटा म्हणाला, "ते आहेच. पण मनमोहन सिंगांचा विचार कर. एवढं अंतर तोडून आले आणि वर सांगितलं काय, तर उशीर झाला. मी रोज ८.१७ला लटकून जातो आणि रजिस्टरवर लाल रेघ खातो. मला कळतं त्यांचं दुःख." वहीत या वादाच्या निकालाच्या रकान्यात त्यानं लिहिलंय: "वादच नाही. मन मोठं, नियम छोटे."

त्याचा सगळ्यांत लाडका दुसरा म्हणजे नेव्हिल व्हिंटसेंट. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टपाल घेऊन एका इंजिनाच्या पस मॉथमधून कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे शाळेतलं पोरही सांगतं. पण ते टपाल जायचं होतं मद्रासला. जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला ते व्हिंटसेंटनं नेलं. इंग्रजांच्या हवाई दलातून बाहेर पडलेला हा माणूस, आणि टपालाची कल्पना टाटांकडे घेऊन गेलाही तोच. पुढे १९४२ साली युद्धात इंग्लंडहून परतताना त्याचं विमान पाडलं गेलं.

"अर्ध्या पत्रावर सही जेआरडींची, अर्ध्यावर व्हिंटसेंटची," डकोटा म्हणायचा, "आणि पाकिटावर तिकीट फक्त एकाचं."

मी म्हणायचो, "अरे, इतिहास असाच असतो."

"मग इतिहासाला एक वडा लागू कर."

१९८२ साली या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी लेपर्ड मॉथमधून तोच प्रवास पुन्हा केला. डकोटानं बँकेत "घरचं कार्य" असं कारण देऊन रजा टाकली आणि आम्ही जुहूच्या कुंपणाबाहेर उन्हात उभे राहिलो. एवढंसं विमान आलं, अलगद टेकलं. आसपासच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. डकोटानंही वाजवल्या, अगदी जोरात. मग त्याहून जोरात विचारलं, "आता मद्रासला कोण नेणार?" शेजारचे एक गृहस्थ दचकले. त्यांना वाटलं, याचं काही सामान असेल.

जुहू हा आमचा कायमचा कज्जा. १९२८ सालचा हा विमानतळ, भारतातला पहिला नागरी विमानतळ. भरतीला पाणी, पावसाळ्यात चिखल, म्हणून टाटांच्या टपालाच्या विमानांनी पावसाळ्यात पुण्याचा रस्ता धरला. ("बघ," माझा एक पुणेकर मेहुणा म्हणाला होता, "शेवटी यावं लागलंच ना?") पुढे जवळच सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला आणि खरी गंमत सुरू झाली. दोन्ही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम, आणि समुद्राकडून येणाऱ्याला आधी दिसणार ती जुहूची. १९५३च्या जुलैत एका ब्रिटिश कंपनीचं कॉमेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. काही दिवसांनी ते रिकामं करून, हलकं करून कसंबसं उडवून नेलं. एवढ्यानं जगाला शहाणपण यायला हवं होतं. पण सप्टेंबर १९७२मध्ये एक जपानी डीसी-८ तसंच जुहूला उतरलं. पट्टी संपली तरी विमान थांबेना. कुणाचा जीव गेला नाही, विमान मात्र कायमचं गेलं.

यावर माझं म्हणणं सरळ होतं: चूक वैमानिकांची. डकोटाचं म्हणणं: चूक सांताक्रूझची. "जुहू तिथे आधीपासून होतं. नंतर येऊन शेजारी दुकान थाटलं कुणी? बरं, एवढं लांबून आलेल्या पाहुण्याला पत्ता नीट कोण सांगणार? पार्ल्यात कुठल्याही रिक्षावाल्याला विचारलं असतं तर…" त्या वेळी जेट आलं. ते गेल्यावर वाक्य पुढे सुरू झालं, "…तोही म्हणाला असता, तिकडे येणार नाही."

या वादाचा निकाल अर्धा-अर्धा वडा असा लागला. वैमानिकाची चूक ठरली, पण जुहूची निर्दोष सुटका झाली.

डकोटाला विमानात बसायची भीती नव्हती. त्याच्या शेजारी बसायची इतरांना भीती वाटत असे. आम्ही एकदा मुंबईहून नागपूरला विमानानं गेलो. शेजारच्या बाई गॅलरीतून पडल्यासारखा चेहरा करून खुर्चीचा हात धरून बसल्या होत्या. डकोटाला दया आली. त्यांना धीर द्यावा म्हणून त्यानं सांगायला घेतलं: १९५० साली एअर इंडियाचं मलबार प्रिन्सेस जिनिव्हाकडे उतरताना मों ब्लां पर्वतावर आदळलं. सोळा वर्षांनी, १९६६ साली, होमी भाभा ज्यात होते ते कांचनजंगा नावाचं बोइंगही त्याच पर्वतावर गेलं. "पण ताई, तुम्ही काळजी करू नका," तो शेवटी म्हणाला, "आपण नागपूरला चाललोय. वाटेत आल्प्स नाहीत." बाईंनी हवाईसुंदरीला बोलावून जागा बदलून घेतली. डकोटा मला म्हणाला, "लोकांना भूगोल येत नाही रे."

एअर इंडियाच्या विमानांची नावं हा आमचा स्वतंत्र शास्त्रार्थ. कॉन्स्टेलेशन विमानांना राजकन्यांची नावं. सुपर कॉन्स्टेलेशन आली तेव्हा राण्यांची. मग ७०७ बोइंगना हिमालयाची शिखरं, आणि जम्बो आली तेव्हा सम्राट. डकोटाच्या मते ही सरकारी बढतीची यादी होती. राजकन्येची राणी होते, इथवर ठीक. पण राणीचा डोंगर कशामुळे होतो? माझं उत्तर होतं, सासरी गेल्यामुळे. हे वाक्य मी दोन्ही बायकांसमोर बोललो आणि त्या महिन्यातले सगळे वडे मी भरले.

यांतली एक राणी आम्हाला प्रत्यक्ष भेटली. गोव्याला दोन कुटुंबं मिळून गेलो होतो. बायका-मुलं समुद्रावर, आणि आम्ही वास्कोजवळच्या बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या हवाई संग्रहालयात. आवारात उघड्यावर, तीन शेपट्यांची, चार इंजिनांची एक सुपर कॉन्स्टेलेशन उभी होती. पूर्वाश्रमीची 'राणी ऑफ एलोरा'. म्हणजे आपली वेरूळची राणी. एअर इंडियातून सुटल्यावर तिनं आयुष्याचा उत्तरार्ध सरकारी नोकरीत काढला आणि शेवटी नौदलात समुद्रावर पाळत ठेवली. डकोटा तिच्याभोवती गाभाऱ्याला घालावी तशी प्रदक्षिणा घालत राहिला. "बघ," तो म्हणाला, "लंडनला जाणाऱ्या साहेबांना शॅम्पेन वाढत होती ही. निवृत्तीनंतर पाणबुड्या शोधायला लागली. बाई मानी. मुलांच्या जिवावर बसली नाही."

तिला तीन शेपट्या का, यावर तिथेच नोंद झाली. तो म्हणाला, सौंदर्यासाठी. मी म्हणालो, एकच उंच शेपटी ठेवली असती तर त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेली नसती. हा वाद मी जिंकलो. त्यानं वडा दिला, पण वहीत निकालापुढे लिहिलं: "दार मोठं करता आलं असतं."

एका विषयावर मात्र आमचा वाद कधी झाला नाही. ११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं काश्मीर प्रिन्सेस हाँगकाँगहून बांडुंगच्या परिषदेला माणसं घेऊन निघालं होतं. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय त्यात असणार, या समजुतीनं कुणी तरी त्यात टाइमबाँब ठेवला होता. ते त्यात नव्हतेच. समुद्रावर स्फोट झाला. कॅप्टन जातारांनी पेटलेलं विमान पाण्यावर आणलं. स्वतः गेले. वाचले ते फक्त तिघं, त्यांतले एक विमानाचे अभियंते अनंत कर्णिक. त्यांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. वहीत या विषयाचं एक पान आहे. वर तारीख, खाली सगळे रकाने कोरे. एरवी व्हिंटसेंटसाठी जेआरडींशी भांडणारा डकोटा इथे म्हणायचा, "इथे पहिला-दुसरा काही नाही. सगळे एकाच रांगेत."

आणि सर्वांत जुना, सर्वांत लांबलेला दावा: शिवकर बापूजी तळपदे. १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, गिरगाव चौपाटीवर तळपद्यांनी 'मरुत्सखा' उडवलं, अशी कथा मराठी घरात वरणभाताबरोबर भरवली जाते. मी पुरावा मागायचो. त्या काळचा पक्का पुरावा नाही. शिवाय ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार सांगतात, तो बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली तपासला. निष्कर्ष असा की ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातलाच आहे, आणि त्यातली विमानं उडण्यासारखी नाहीत.

"त्या पाचांत कोण कोण होते?" डकोटानं विचारलं.

मी नावं वाचली. त्यांत एक देशपांडे होते.

"देशपांडे!" तो उसळला. "निदान देशपांड्यांनी तरी सही करायला नको होती."

त्याची बाजू पुराव्याची नव्हतीच. "हे बघ, उडालं नाही असं समज. पण चिराबाजारातला एक माणूस नोकरी सांभाळून, शेजाऱ्यांचे टोमणे ऐकून, १८९५ साली विमानाच्या खटपटीला लागतो. आपण दोघं नोकरी सांभाळून काय करतो? वडे खातो. त्याला निम्मे गुण दे." मी एकही गुण दिला नाही. वहीत शेरा पडला: "प्रलंबित."

गेल्या वर्षी डकोटा गेला. रविवारी जेवून आडवा झाला आणि संध्याकाळच्या चहाला उठला नाही. न बिघडता बंद पडला. पार्ल्याच्या स्मशानात गुरुजींनी मंत्र सुरू केले, तेवढ्यात विमान आलं आणि गुरुजी रिवाजाप्रमाणे अर्ध्या ओळीवर थांबले. सगळे खाली बघत होते. मी सवयीनं वर न बघताच, आवाजावरून म्हणालो, "एअरबस." आणि कुणीही "चूक" म्हणालं नाही.

तेव्हापासून मी सदासर्वदा बरोबर आहे. ही अवस्था फार वाईट. घरात कुणी विरोध करत नाही. भाचा खिशातून फोन काढतो आणि दोन सेकंदांत निकाल देतो. वडा तळायला टाकायच्या आत खटला संपतो. सोसायटीच्या कट्ट्यावर एकानं सांगितलं की जेआरडींनी टपाल कराचीहून मद्रासला नेलं. मी उभा राहून, आवाज चढवून व्हिंटसेंटची बाजू मांडली, पाकीट, तिकीट, सही सगळं काढलं. ते गृहस्थ म्हणाले, "असेल बुवा." असेल बुवा! माणसानं मरावं तर अशा उत्तरानं.

काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावोजी, ह्यांची ती लाल वही सापडली. त्यात देणी दिसतायत. या एकदा. ह्यांच्या मागे देणं राहायला नको."

मी गेलो. वहिनींनी बँकेतल्या माणसाच्या बायकोला शोभेल असा हिशोब आधीच मांडून ठेवला होता. उघडी राहिलेली नोंद एकच, तळपदे. मी त्यांना बंगळुरूचा अहवाल समजावून सांगितला. १९७४ साल, पाच शास्त्रज्ञ, निष्कर्ष. वहिनींनी शांतपणे ऐकलं. आत गेल्या, घरी केलेले गरम बटाटेवडे आणि चटणी घेऊन आल्या, ताटली माझ्यापुढे ठेवली. मी पहिला घास उचलला.

"पण ह्यांचं काय म्हणणं होतं?"

"त्याचं म्हणणं… उडालं असेल, असं."

"मग उडालं."

"वहिनी, पुरावा…"

"तुम्ही होतात का तिथे अठराशे पंच्याण्णव साली?"

चाळीस वर्षांत डकोटानं हा मुद्दा एकदाही काढला नव्हता. मी घास हातात घेऊन बसलो. वहिनींनी ताटली आपल्याकडे ओढली, वही उघडली, वाणसामानाच्या यादीच्या पेन्सिलीनं 'प्रलंबित' खोडलं आणि त्याच्या रकान्यात ठळक बरोबरची खूण केली. मग म्हणाल्या, "उडालं की नाही ते मरू द्या. घरभर बांबू, तारा नि कापडं पसरली असतील, त्या तळपदे वहिनींनी ते कसं आवरलं, हे लिहिलंय का त्या पाच जणांनी?"

लिहिलेलं नाही. मी अपील केलं आहे. सुनावणी रविवारी. अहवालाची प्रत आणायला परवानगी मिळाली आहे, पण वडे मी आणायचे आहेत, आणि हॉटेलातले नव्हेत, असा अंतरिम हुकूम झाला आहे.